फेड अशक्य झाली असता ऋणकोचा धर्म

घेतलेले परत करावे, हा धर्म इतका उघड आहे की त्याला शास्त्राचे प्रमाण शोधण्याची गरज भासू नये. लहान मुलालाही तो कळतो. धर्मसंकट उत्पन्न होते ते याच्या पुढच्या पायरीवर. ऋण घेताना परत करण्याचा हेतू शुद्ध होता. मध्ये दैव फिरले, घरात दुखणे आले, नोकरी गेली किंवा धंदा बसला. आणि आता सारी मिळकत धनकोच्या ओंजळीत घातली तरी व्याजसुद्धा भागत नाही. अशा मनुष्याचा धर्म कोणता? जे करणे शक्यच नाही, ते त्याचे कर्तव्य म्हणावे काय? आणि कर्तव्य नव्हे म्हणावे, तर तो मोकळा झाला असे समजावे काय?

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. चंडीगढसारख्या नगरातील मध्यम स्थितीच्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. मुलाला शिक्षणासाठी परदेशी पाठविण्याकरिता त्याने बँकेचे कर्ज काढले. पुढे पत्नीचे दुखणे निघाले, तेव्हा दुसरे काढले. पहिल्याचे हप्ते चुकू नयेत म्हणून क्रेडिट कार्डावर रक्कम उचलली, आणि शेवटी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून चिठ्ठीवर पैसे घेतले. आता महिन्याचे वेतन साठ हजार आणि हप्त्यांची बेरीज पंचाहत्तर हजार. घरी कोणाला हे ठाऊक नाही. दूरध्वनीची घंटा वाजली की त्याच्या छातीत धस्स होते. रात्री जागा राहून तो चारच गोष्टींचा विचार करतो : कोठेतरी निघून जावे; संसाराचा त्याग करून एखाद्या आश्रमात राहावे; जीव द्यावा; किंवा आणखी एक कर्ज काढून हा महिना तरी निभावावा. हे चारही त्याला मार्ग वाटतात. वस्तुतः ते मार्ग नव्हेत. एकाच गोष्टीची ती चार नावे आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे हिशेबासमोर उभे राहण्याचे भय.

गीतेच्या वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. रथात धनुष्य टाकून बसलेला अर्जुनही त्याग, भिक्षा आणि मरण यांचीच भाषा बोलत होता. राज्यापेक्षा भिक्षान्न बरे, शस्त्र न उचलता मारला गेलो तरी बरे, असे त्याला वाटत होते. भगवंतांनी त्या भाषेला वैराग्य म्हटले नाही. मनाचे दौर्बल्य म्हटले. अठराव्या अध्यायात तर त्यांनी त्यागाचेच तीन प्रकार करून दाखविले. मोहाने केलेला नियत कर्माचा त्याग तामस, आणि देहाला कष्ट होतील या भयाने केलेला त्याग राजस. देणेकऱ्यांना तोंड चुकवून घेतलेली भगवी वस्त्रे या दोहोंपैकी एका कोटीत पडतात. सात्त्विक त्यागाच्या कोटीत ती कधीच बसत नाहीत. कारण ज्याच्यावर दुसऱ्याचे देणे आहे, त्याच्यापाशी त्यागण्यासारखे स्वतःचे काही उरलेलेच नसते. त्याचे श्रम, त्याची मिळकत, त्याचा वेळ या सर्वांत धनकोचा वाटा आहे. दुसऱ्याचा वाटा टाकून देण्याला त्याग हा शब्द लावता येत नाही.

आता दोन टोकांचे पक्ष पुढे येतात. पहिला म्हणतो की अशक्याचे कर्तव्य नसते. ज्याच्यापाशी नाही तो देणार कोठून? शिवाय धनको म्हणजे आज बहुधा मोठी बँक. तिने व्याज घेतले ते जोखमीचे मोल म्हणूनच घेतले. एक कर्ज बुडाल्याने तिचे काय जाते? आणि फल आपल्या हाती नाही, असे गीताच सांगते. दुसरा पक्ष याच्या उलट म्हणतो की शब्द तो शब्द. घरदार विकावे, मुलांचे शिक्षण थांबवावे, उपाशी राहावे. पण पै न् पै चुकती करावी. जो फेडू शकत नाही त्याने जगात तोंड दाखवू नये.

पहिल्या पक्षात सत्याचा अंश आहे, पण त्याने गीतेचा आधार घेतला तो चुकीचा. फलावर अधिकार नाही असे जेथे सांगितले आहे, तेथेच कर्मावर अधिकार आहे असे अगोदर सांगितले आहे, आणि अकर्माची आसक्ती धरू नये असे लागलीच बजावले आहे. संपूर्ण फेड हे फल. ते कदाचित हाती येणार नाही. परंतु हिशेब मांडणे, खरे सांगणे, खर्च आवरणे, मिळकतीतून नेमका भाग बाजूला काढणे ही सारी कर्मे आहेत, आणि त्यांवरचा अधिकार कोणत्याही दारिद्र्याने हिरावला जात नाही. बँकेचे काय जाते, हा प्रश्नही वरवरचा आहे. बँकेच्या तिजोरीतील पैसा निवृत्त शिक्षकाच्या ठेवीचा असतो, विधवेच्या पुंजीचा असतो. धनकोचा चेहरा दिसत नाही म्हणून देणे नाहीसे होत नाही. तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्याने दिलेले भोगून जो परत काही देत नाही त्याला भगवंतांनी चोरच म्हटले आहे. तेथे प्रसंग देवांचा व यज्ञाचा आहे. पण घेणे आणि परत देणे यांच्या चक्रानेच जग चालते, हे तत्त्व व्यवहारातही तेच आहे.

दुसऱ्या पक्षाची निष्ठा आदरणीय आहे, परंतु त्याने एक गोष्ट विसरली. गृहस्थाच्या शिरावर एकच देणे नसते. वृद्ध आईबाप, पत्नी, अजाण लेकरे यांचे पोषण हेही देणेच आहे, आणि ते कोणत्याही रोख्यापेक्षा जुने आहे. एक ऋण फेडण्यासाठी दुसरे बुडविणे म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. शिवाय, जो मनुष्य लज्जेने खचून अंथरुणाला खिळतो किंवा जगातून उठून जातो, त्याच्याकडून धनकोला काहीच मिळत नाही. लज्जेचा अतिरेक धनकोच्याही हिताचा नसतो.

मग सिद्धांत कोणता? ऋण घेताना मनुष्य एक शब्द देतो असे वाटते. खरे पाहता तो दोन शब्द देतो. एक शब्द पैशाचा : इतके घेतले, इतके देईन. दुसरा शब्द सत्याचा : माझी स्थिती तुझ्यापासून लपविणार नाही, असेल तर देईन, आणि असून नाही म्हणणार नाही. दुसरा शब्द रोख्यावर लिहिलेला नसतो. पण त्याच्याच भरवशावर पहिला लिहिला जातो. आपत्ती पहिला शब्द मोडू शकते. दुसरा शब्द मात्र आपत्ती मोडू शकत नाही. तो मोडला तर मनुष्य स्वतःच मोडतो. म्हणून ज्याला पैसा देणे अशक्य झाले, त्याचा धर्म संपत नाही; तो या दुसऱ्या शब्दात एकवटतो. पूर्वी त्याला रुपये द्यावयाचे होते. आता त्याला रुपयांसह हिशेब द्यावयाचा आहे, आणि रुपये नसतील त्या दिवशी निदान हिशेब द्यावयाचा आहे.

हा विचार नवा नाही. स्मृतिकारांनी व्यवहारपदांची गणना केली तेव्हा ऋणादानाला पहिले स्थान दिले, आणि त्या प्रकरणात असमर्थ ऋणकोचा विचार स्वतंत्रपणे केला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की मुदत भरली आणि फेडण्याचे सामर्थ्य नाही, तर झालेले व्याज देऊन ऋणकोने रोखा नवा करून द्यावा. व्याजही देता येत नसेल तर ते नव्या रोख्यात दाखल करावे. हे करावयाचे ते त्याच धनकोसमोर, उघडपणे. आजचा गृहस्थ एकाचे देणे दुसऱ्याकडून घेऊन भागवितो आणि दोघांपासूनही स्थिती लपवितो; त्यात आणि या नव्या रोख्यात हाच भेद आहे. तेथे अडचण कागदावर येते, येथे ती कागदाआड दडते. याच अध्यायात एकरकमी घ्यावयाचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असा निर्बंध आहे. तोच पुढे दामदुप्पट या नावाने महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. याज्ञवल्क्य स्मृतीने अनेक धनको असतील तर ज्या क्रमाने ऋण घेतले त्या क्रमाने फेड करावी असे सांगितले. म्हणजे जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी, हा न्याय नव्हे. आणि जो पूर्ण क्षीण झाला आहे त्याच्याकडून हळूहळू, ‘यथोदय’, म्हणजे मिळकत जशी येईल तशी वसुली करावी, असेही तीच स्मृती सांगते.

येथे एक दोष मात्र प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. ‘यथोदय’ फेडीची ही सवलत स्मृतीने ब्राह्मण ऋणकोला दिली. हीन मानलेल्या वर्णाच्या क्षीण ऋणकोकडून मात्र काम करवून घ्यावे असे म्हटले. या दुसऱ्या वाक्याच्या आधारावर आणि त्याहूनही अधिक लोभाच्या बळावर, पिढ्यान्‌पिढ्या माणसे ऋणापायी वेठीला बांधली गेली. भारताच्या संविधानाने तेविसाव्या अनुच्छेदात वेठीला मनाई केली, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धत रद्द करून त्या पद्धतीतील ऋणेही संपुष्टात आणली. शास्त्रावर श्रद्धा असणाऱ्याने यात विषाद मानण्याचे कारण नाही. सर्व भूतांच्या ठायी सम असलेल्या ईश्वराची उपासना करणाऱ्याला, जी दया एका वर्णाला उचित होती ती सर्वांनाच उचित आहे, हे कबूल करणे कठीण जाऊ नये. ‘यथोदय’ हा शब्द राहिला. त्याची मर्यादा तेवढी गेली, आणि ती जाणेच योग्य होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात कर्जरोख्यांच्या दोन कथा आहेत. दोन्ही सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे प्रस्तुत प्रश्नावर प्रकाश पडतो. पहिली देहूची. तुकोबांच्या घरी वडिलांपासून सावकारी होती. परंपरा सांगते की विरक्ती दृढ झाल्यावर तुकोबांनी घरातील रोख्यांचे दोन वाटे केले. एक धाकट्या भावाला, कान्होबाला, दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. या कथेतील वैराग्य सर्वांच्या ध्यानात येते. त्यातील न्याय क्वचितच येतो. तुकोबांनी बुडविले ते आपले येणे. देणे बुडविले नाही. आणि येणेही बुडविले ते आपल्याच वाट्याचे. भावाचा वाटा त्याला दिल्यावरच. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्यालाच असतो, तोही त्याच्या वाट्यापुरता. ऋणको स्वतःला क्षमा करू शकत नाही.

दुसरी कथा पुणे जिल्ह्यातील सुप्याची. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, आणि पाहता पाहता दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत गेले. जमावाचा रोख बहुतेक ठिकाणी माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे मिळाले की ते जाळावयाचे. यात अपराध होता, हे खरे. परंतु ते कागद कसे तयार झाले होते, हेही पाहिले पाहिजे. निरक्षर कुणब्याने काय घेतले आणि रोख्यावर काय लिहिले गेले, यांचा मेळ कोणी घालीत नसे. न्यायालय कागद पाहून हुकूमनामा देई. रोखा हा सत्याचा पुरावा राहिला नव्हता, म्हणूनच तो जळाला. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि देण्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले.

देहूला रोखे बुडाले ते धनकोच्या करुणेने. सुप्याला जळाले ते ऋणकोच्या संतापाने. परंतु पहिली गोष्ट संताची, ती सर्वांकडून मागता येत नाही. दुसरी आगीची, तिने कोणाचाच हिशेब होत नाही. रोख्याची तिसरी गती आहे काय? तो बुडूही नये, जळूही नये, तर न्यायी माणसासमोर उघडून वाचला जावा? याचे उदाहरण पुन्हा चंडीगढच्या परिसरातच सापडते.

१९४७ च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पलीकडे गेली. म्हणूनच पुढे शिवालिकच्या पायथ्याशी चंडीगढ हे नवे नगर उभारले गेले. जे लक्षावधी लोक सीमा ओलांडून आले त्यांचे घर, शेत, दुकान, कोठार मागे राहिले होते. मात्र त्यांपैकी पुष्कळांचे देणे त्यांच्याबरोबर आले होते. ज्या गहाण मिळकतीवर कर्ज घेतले ती परक्या देशात, आणि रोखा मात्र धनकोच्या खिशात. ‘असमर्थ ऋणको’ हा शब्द ज्याला तंतोतंत लागू पडावा असा मनुष्य याहून दुसरा कोणता? त्याचा अपराध काही नव्हता. पण धनकोही बहुधा त्याच्यासारखाच निर्वासित होता. त्याचेही सर्वस्व गेले होते, आणि हा रोखाच काय तो उरला होता. एकाला सोडावे तर दुसरा बुडतो.

या पेचातून संसदेने १९५१ साली विस्थापितांच्या ऋणांचा मेळ घालण्याचा कायदा केला. त्याची रचना धर्मविचाराच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. निर्वासित ऋणकोने न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करावयाचा. अर्जासोबत सर्व देण्यांची आणि सर्व धनकोंची यादी द्यावयाची. इकडे असलेल्या मिळकतीची आणि पलीकडे राहिलेल्या मिळकतीबद्दल केलेल्या दाव्यांचीही यादी द्यावयाची. १५ ऑगस्ट १९४७ पासून व्याजाची वाढ सामान्यतः थांबली. देण्याच्या वसुलीसाठी विस्थापिताला कैद करता येणार नाही असे ठरले. आणि न्यायाधिकरणाने त्याची फेडण्याची शक्ती किती हे ठरवून, देणे त्याहून अधिक असेल तर त्या शक्तीच्या मापाने उतरवून द्यावे, अशी तरतूद झाली. या कायद्याखालील अपिले उच्च न्यायालयाकडे जात, आणि पंजाबचे उच्च न्यायालय जानेवारी १९५५ मध्ये सिमल्याहून चंडीगढला आले. ज्या नगराचा जन्मच सर्वस्व गमावल्याच्या दुःखातून झाला, त्या नगराने ‘गमावलेल्याने किती द्यावे’ हा प्रश्न न्यायाच्या तराजूत ठेवलेला पाहिला.

येथे ऋणकोला प्रथम काय मागितले, हे ध्यानात घ्यावे. पैसा नव्हे, यादी. जो सारे उघड करील त्याला संरक्षण. सत्य हे या कायद्यात सवलतीचे मोल आहे. पंजाबात ही दृष्टी त्यापूर्वीही रुजू लागली होती. सर छोटूराम यांच्या नावाशी निगडित असलेल्या १९३४ च्या ऋणपरिहाराच्या कायद्याने ऋणको-धनकोंमध्ये समेट घडविणारी मंडळे स्थापण्याची सोय केली आणि दामदुप्पटीचे तत्त्व पंजाबात कायद्याने आणले. स्मृतीचे एक वचन अशा रीतीने शतकानुशतके चालत पाच नद्यांच्या प्रदेशात पोहोचले.

याच दृष्टीला १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने अधिक स्पष्ट शब्द दिले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५१ व्या कलमात, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोला कैद करण्यापूर्वी तो पळून जाण्याच्या बेतात आहे, त्याने मिळकत लबाडीने दडविली आहे किंवा साधन असून तो देत नाही, असे काही न्यायालयाला आढळले पाहिजे, अशी अट आहे. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा निर्वाळा दिला की केवळ न फेडणे कैदेला पुरेसे नाही. त्यामागे दुष्ट बुद्धी हवी. न देऊ शकणारा आणि न देऊ इच्छिणारा यांच्यातील ही रेघ धर्मशास्त्राचीही आहे आणि कायद्याचीही. ऋणकोने आपल्या मनाशी पहिला प्रश्न हाच विचारावा की आपण या रेघेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत. उत्तर त्याच्या बँकखात्यात नाही, त्याच्या आचरणात आहे. हप्ता देता येत नाही म्हणून सांगणारा जर त्याच महिन्यात मानपानासाठी मोठा समारंभ करील, तर तो स्वतःच रेघ ओलांडून पलीकडे गेला. ऋण काढून सण करू नये, ही म्हण सणाविरुद्ध नाही, असत्याविरुद्ध आहे.

एवढे तत्त्व झाल्यावर, आरंभी वर्णिलेल्या गृहस्थाने प्रत्यक्षात काय करावे? पहिले काम घरातले. पत्नीला, आणि जाणत्या मुलाला, सर्व सांगावे. ज्यांच्यासाठी कर्ज काढले त्यांच्यापासूनच ते लपविणे हा या व्यवहारातील पहिला असत्याचार आहे, आणि तो दूर झाल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. दुसरे काम कागदावरचे. सर्व देणी, त्यांची व्याजे, सर्व मिळकत आणि घराचा अपरिहार्य खर्च लिहून काढावा. १९५१ च्या कायद्याने जी यादी मागितली तीच त्याने स्वतःहून करावी. तिसरे काम नव्या ऋणाला पूर्णविराम देण्याचे. एका खड्ड्याची माती दुसऱ्यात टाकल्याने जमीन सपाट होत नाही. चौथे काम ती यादी घेऊन प्रत्येक धनकोकडे, हप्ता चुकण्यापूर्वी किंवा चुकताच, आपण होऊन जाण्याचे. मुदत वाढवून हप्ता लहान करणे किंवा थकीत देण्यात तडजोड करणे हे बँकांच्या व्यवहारात बसणारे मार्ग आहेत. समेट लेखी असावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखालील लोकन्यायालयातही असा समेट होतो, आणि तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते.

याने भागले नाही तर नादारीचा मार्ग आहे. चंडीगढसारख्या ठिकाणी सामान्य माणसाला १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचाच आधार राहिला. कारण २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. नादारी या शब्दाची लोकांना लाज वाटते; पण त्या कायद्याची अंगे पाहिली तर तो लबाडांचा आश्रय नाही हे दिसेल. अर्जदाराला सारी मिळकत न्यायालयाच्या स्वाधीन करावी लागते. उधळपट्टी, जुगार किंवा बेफाम सट्टा यांनी ज्याने स्वतःला बुडविले, फेडण्याची आशा नसताना ज्याने ऋण काढले, एका धनकोला आतून भरून इतरांना ज्याने वाऱ्यावर सोडले, त्याला पूर्ण मुक्तता नाकारली जाते. आणि कपटाने घेतलेल्या ऋणातून तर मुक्तता होतच नाही. कायद्याने मुक्ती मिळाल्यावरही, पुढे बरे दिवस आले आणि जुन्या धनकोला कोणी स्वेच्छेने काही दिले, तर त्याला कोणताही कायदा अडवीत नाही. कायद्याची मुक्ती वसुलीपासून असते; कृतज्ञतेपासून नसते.

जीव देण्याच्या विचाराबद्दल वेगळे बोलले पाहिजे. ऋणकोने गहाण ठेवले ते घर, दागिना, वेतन. प्राण कधी गहाण ठेवलेले नव्हते. जे गहाणच नाही ते धनकोला देण्याचा अधिकार कोणाला? दिवाणी संहितेचे साठावे कलम देणेकऱ्याची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि वेतनाचा मोठा भाग जप्तीतून वगळते. पंजाबात तर या कलमाला जोडलेल्या दुरुस्तीने, त्या कर्जासाठी गहाण न दिलेले राहते घरही वगळले. ज्या न्यायव्यवस्थेने स्वयंपाकाच्या भांड्यालाही हात लावू नये म्हटले, ती प्राण मागत नाही. ऋणकोने आपणहून ते देऊ केले तर तो कोणतेही देणे फेडीत नाही. उलट पत्नीला पती आणि लेकरांना पिता देण्याचे जे ऋण त्याच्यावर होते ते बुडवितो. असे विचार मनात घर करू लागले तर त्याच क्षणी कोणा आप्ताला, मित्राला, वैद्याला ते सांगावे. शासनाची टेलि-मानस ही सेवाही १४४१६ या क्रमांकावर याचसाठी आहे. आपणच आपला उद्धार करावा, आपला अधःपात होऊ देऊ नये, या सहाव्या अध्यायातील उपदेशाचा अर्थ एकट्याने कुढत बसावे असा नाही. मदतीसाठी हात पुढे करणे हाही उद्धारातलाच प्रयत्न आहे.

धनकोचा धर्मही सोडून चालणार नाही. मनूने वसुलीचे पाच उपाय सांगितले, आणि त्यांत पहिला धर्माचा, म्हणजे समजाविण्याचा, ठेवला. व्याज घेणाऱ्याने जोखमीचे मोल घेतलेले असते. मोल घेऊन जोखीम मात्र दुसऱ्याच्याच शिरी राहावी, हा आग्रह अन्यायाचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आदेशात वसुली करणाऱ्यांना सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर थकीत देण्यासाठी दूरध्वनी करू नयेत, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये असे बजावले. आणि २०२३ साली, दंड म्हणून लावलेल्या आकारावर पुन्हा व्याज चढवू नये असे ठरविले. रात्रीच्या प्रहरी कोणाच्या दारात जाऊ नये आणि दंडाला पिल्ले फुटू देऊ नयेत, एवढे सौजन्य आदेशाने शिकवावे लागते, यातच काळाची स्थिती दिसते. चंडीगढला उच्च न्यायालयाजवळ, मोकळ्या मैदानात एक प्रचंड उघडा पंजा वाऱ्याबरोबर फिरत असतो. नगराचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी तो देण्याचे आणि घेण्याचे चिन्ह म्हणून कल्पिला. ऋणकोचा हात लपलेला असू नये आणि धनकोचा हात आवळलेला असू नये, इतकेच त्याने दोघांना सांगितले तरी पुष्कळ झाले.

सारांश, फेड अशक्य झाली म्हणजे धर्म अशक्य होत नाही. त्या गृहस्थाने ज्या रात्री पत्नीसमोर कागद मांडला, त्या रात्री त्याच्या देण्यातील एक रुपयाही कमी झाला नाही. पण तो पळत होता तो थांबला. दुसऱ्या महिन्यात त्याने पंचाहत्तर हजारांऐवजी ठरल्याप्रमाणे पंचवीस हजार भरले, तर हिशेबनीस त्याला अपुरी फेड म्हणेल. गीता तसे म्हणणार नाही. या मार्गात केलेल्या प्रयत्नाचा नाश नाही, आणि या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयापासून तारते, असे आश्वासन दुसऱ्या अध्यायात आहे. ऋणकोचे मोठे भय कोणते? दारावर पडणारी थाप. ज्याने सारे सांगून टाकले आहे, त्याच्या दारावर ती पुन्हाही पडेल; पण आता तो उठून दार उघडील.